रविवारची बैठक : आधी पट्टी, मग राग

काही वर्षांपूर्वी एका शनिवारी रात्री, भर बैठकीत माझ्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटली. एका ताईंनी गुरुवारी ग्रुपवर कळवलं होतं, काळी चार (म्हणजे त्यांचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या चावीवर), राग बागेश्री, ताल झपताल. त्या दिवशीचे दोन्ही पुरुष गायक काळी एकचे. काळी चारचा मध्यम (म) म्हणजे काळी एकच. म्हणजे बागेश्रीला मध्यमाला लावलेला तबला चालून जाईल आणि एकाच तबल्यात सगळ्यांचं काम भागेल, या खुशीत मी एकच तबला खांद्याला लावून निघालो. ताई बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बागेश्री अजून नीट बसला नाहीये हो, यमनच गाते." यमनात शुद्ध मध्यम नाही. पंचम (प) लावायचा तर तबला काळी दोनपर्यंत, म्हणजे दोन अर्धे स्वर वर न्यायला हवा. मी हातोडी घेतली, बाजूचे लाकडी गठ्ठे खाली सरकवले, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर (चामड्याच्या विणीवर) घाव घातले. दुसरा अर्धा स्वर गाठता गाठता 'फट्' असा आवाज आला आणि बैठक चहावर आली.

चूक ताईंची कमी, माझी जास्त. जोखीम कळत असताना मी दुसरा तबला घरी ठेवला होता. पण तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो तो राग कुठला हा नाही. पट्टी कुठली, हा.

आठवडाभर विम्याच्या फायली आणि शनिवार-रविवार तबला, असं माझं बरीच वर्षं चाललंय. आमच्यासारखे शेकडो गट पुण्यात, डोंबिवलीत, मिरजेत, फोंड्यात आहेत. कुणी गातं, कुणी पेटी वाजवतं, कुणी नुसतं ऐकायला येतं आणि पोहे करतं. अशा बैठकीत तुम्हाला शिरायचं असेल, किंवा तुमच्याच घरी सुरू करायची असेल, तर त्यासाठी हे लिहितोय. मी तबल्याच्या बाजूने बघतो, तेव्हा लेखाचा कल तिकडे झुकणारच.

माणसं कुठे मिळतात

गाणारे सहज सापडतात. गाण्याच्या क्लासमध्ये, भजनी मंडळात, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेच्या केंद्राबाहेर प्रवेशिका-मध्यमाची मुलं आणि त्यांच्याबरोबर परीक्षेला बसलेले त्यांचे आईबाप. अडतं ते साथीला. तबलजी हवा असेल तर गावातल्या तबला दुरुस्त करणाऱ्याला विचारा. कुणाची पुडी किती दिवसांत फाटते हे त्याला पाठ असतं, म्हणजे कोण खरोखर वाजवतं आणि कोण नुसतं ठेवून देतं हेही त्याला ठाऊक असतं. पेटीवाल्यासाठी भजनी मंडळात जा. शास्त्रीय शिकलेला नसला तरी गायकाच्या मागे जायची सवय त्याच्या हाताला असते, आणि बैठकीत तीच लागते.

सहा-सात जणांचा गट पुरे. दहाच्या वर गेलात की प्रत्येकाला पंधरा मिनिटंही येत नाहीत आणि मग 'मागच्या वेळी माझं राहिलं' अशी कुरबुर सुरू होते.

व्यावसायिक साथीदार बोलावणार असाल तर मानधन फोनवरच ठरवा, येण्याजाण्याचा खर्च वेगळा धरा आणि पाकीट निघताना आठवणीने हातात द्या. 'आपल्या घरचंच आहे' हे वाक्य वर्षभर तालमीला बसणाऱ्या माणसासमोर उच्चारू नका.

स्वतःची पट्टी शोधा

पट्टी म्हणजे तुमचा षड्ज (सा) पेटीच्या कुठल्या चावीवर बसतो ते. पांढरी एकपासून मोजायचं : पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात. बहुतेक पुरुष पांढरी एक ते काळी दोनमध्ये बसतात, बहुतेक स्त्रिया पांढरी पाच ते काळी पाचमध्ये. पण 'बहुतेक' हा शब्द तुमच्या गळ्याला बांधील नाही.

पट्टी ठरवायची रीत सोपी आहे. तंबोरा लावा आणि आधी खाली या. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम स्पष्ट ऐकू आला पाहिजे, नुसती घरघर नको. मग वर जा. तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारावर मान न ताणता चार-पाच सेकंद थांबता आलं पाहिजे. ही दोन्ही टोकं जिथे सुखाने सांभाळली जातात ती तुमची पट्टी. गुरूंची पट्टी ती आपली पट्टी, असं धरून वर्षानुवर्षं गळा आवळत गाणारे लोक मी पाहिलेत. आवडत्या गायिकेच्या रेकॉर्डवरून पट्टी उचलणारे तर फारच.

सकाळी आठला गाणार असाल तर अर्धा स्वर खाली धरून चाला. उठल्या उठल्या गळा जड असतो, संध्याकाळची काळी एक सकाळी पांढरी एक होते. हे लाजण्यासारखं मुळीच नाही, फक्त आधी सांगा.

आधी का, तर तबला गळ्यासारखा वर-खाली होत नाही. एक तबला साधारण अर्धा स्वर वर आणि अर्धा स्वर खाली इतकाच आनंदाने जातो. त्यापुढे ताणला तर पुडी जाते, उतरवला तर आवाज बद्द होतो. तोंड जितकं लहान तितका स्वर चढा. म्हणून पुरुष आणि स्त्रिया दोन्ही गाणार असतील तर तबलजीला दोन तबले आणावे लागतात. नाहीतर मी केला तसा हिशेब करावा लागतो : तबला षड्जाला लावायचा, पंचमाला, की मध्यमाला.

हा हिशेब गायकालाही यायला हवा. काळी चारचा पंचम काळी दोन, मध्यम काळी एक. पांढरी पाचचा पंचम पांढरी दोन, मध्यम पांढरी एक. आता राग बघा. बागेश्री, मालकंस, भीमपलास यांच्यात शुद्ध मध्यम भरभक्कम आहे, तिथे मध्यमाचा तबला शोभतो. यमन, भूप यांच्यात तो नाही, म्हणून तिथे पंचम किंवा षड्ज. मारव्यात तर पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, मग षड्जाशिवाय गत्यंतर नाही. काळी चारच्या बाईंनी ऐनवेळी मारवा काढला आणि टीपेचा छोटा तबला घरी राहिला असेल, तर तबलजीने नुसतं मान डोलवत बसावं.

गुरुवारचा निरोप

आमच्याकडे नियम असा की गुरुवारी रात्री नऊपर्यंत प्रत्येकाने ग्रुपवर चार गोष्टी लिहायच्या : पट्टी, राग, ताल, आणि साधारण किती वेळ. 'यमन, बघू' असं चालत नाही. विलंबित (संथ लयीतला) एकताल म्हणणाऱ्याने तो किती विलंबित हेही सांगायचं. काही घराण्यांच्या गायकीत एकतालाच्या एकेका मात्रेला चार चार मात्रांचा अवकाश असतो, म्हणजे बारा मात्रांच्या तालाचं आवर्तन (एक पूर्ण फेरा) अठ्ठेचाळीसच्या अंगाने चालतं. नवख्याला तेवढं आवर्तन भरता येत नाही, तबलजी ठेका (तालाचे ठरलेले बोल) धरून बसतो आणि श्रोते पंख्याकडे बघतात. पहिले सहा महिने मध्यलय झपताल नाहीतर तीनताल गा, असा माझा सल्ला. दहा मात्रांत चूक झाली तरी लगेच पुढची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते.

या निरोपावरून क्रम लावायचा. रीतीप्रमाणे नवशिके आधी, ज्येष्ठ शेवटी. पण आम्ही त्यात पट्टीचीही सांगड घालतो. एका पट्टीचे लोक पाठोपाठ बसवले की तबला एकदाच लावावा लागतो. दर गायकाला उतर-चढ केली तर तीन तासांतला पाऊण तास ठोकाठोकीत जातो. ज्येष्ठांना हा क्रम पटवायला सुरुवातीला त्रास होतो. चहा त्यांच्या आधी ठेवला की पटतो.

रागाच्या वेळेचाही विचार हवा, आणि इथे रविवार सकाळची खरी चैन आहे. क्लास संध्याकाळी असतात, त्यामुळे हौशी गाणाऱ्यांचे यमन, भूप, दुर्गा पाठ असतात आणि तोडी, अहिर भैरव, जौनपुरी वहीतच राहतात. सकाळी आठला बसलात तर अहिर भैरवापासून तोडी, अल्हैया बिलावल करत बाराच्या सुमाराला सारंगापर्यंत येता येतं. रविवारी सकाळीच बसा असा आमचा आग्रह त्यासाठीच. मुंबईच्या बाजूला राहत असाल तर शनिवारी रात्री मेगाब्लॉकची बातमी तेवढी बघून ठेवा. डग्गा (डाव्या हाताचं मोठं वाद्य) हातात घेऊन बससाठी उभं राहणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. आता आम्ही एक डग्गा कायमचा यजमानांच्या घरी ठेवलाय.

लावालावी

गाणं आठला असेल तर वाद्यवाले साडेसातला हजर. हा अर्धा तास गप्पांसाठी नाही.

क्रम चुकवायचा नाही. पेटीचे स्वर कारखान्यात ठरलेले, ते तुम्हाला हलवता येत नाहीत. म्हणून आधी तंबोरा पेटीला लावायचा आणि मग तबला तंबोऱ्याला. उलट केलं की सगळं पुन्हा. घरातली जुनी पेटी फोनवरच्या तंबोऱ्यापेक्षा किंचित चढी किंवा उतरी असते. ॲपमध्ये स्वर बारीक सरकवायची सोय असते, ती वापरा. अर्ध्याहून अधिक नवख्यांना ती सोय आहे हेच माहीत नसतं, आणि मग 'आज गळा लागत नाहीये' अशी तक्रार करत बसतात. गळा लागलेला असतो, पेटी आणि फोन एकमेकांशी भांडत असतात.

पेटी हवीच का, हा वाद जुना आहे. तिच्यावर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही, तिचे गंधार-निषाद तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वरांशी तंतोतंत जुळत नाहीत. याच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पण नवख्या गायकाला पेटीचा आधार लागतो, हे मान्य करून टाकावं. पेटी वाजवणाऱ्याने मात्र अर्धं पाऊल मागे राहायचं. गायक जाणार आहे ती जागा आधीच वाजवून दाखवू नये. तो आलापात थांबला की आपणही थांबावं.

खरा तंबोरा असेल तर भाग्य. चार तारांतली पहिली पंचमाला, मधल्या दोन जोडीच्या षड्जाला, शेवटची खर्जाला, म्हणजे खालच्या षड्जाला. मालकंसासाठी पहिली तार मध्यमाला, मारव्यासाठी निषादाला. कानाला ढोबळ स्वर लागला की बारीक काम खालच्या मण्यांनी करायचं. मग घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत जवारी (तारेचा भरीव झणकार) शोधायची. दोरा योग्य जागी आला की एकाच तारेतून झणकार उठतो. तो एकदा ऐकला की फोनवाल्या तंबोऱ्याचं समाधान उरत नाही, एवढा धोका आहे. नवा घ्यायचा असेल तर मिरजेला स्वतः जा, कुणाकरवी मागवू नका. पंढरपूरच्या परिसरातले भोपळे तिथे येतात आणि त्यांचे तंबोरे होतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. बाईमाणसाच्या पट्टीचा तंबोरा आकाराने लहान असतो, पट्टी सांगूनच निवडा.

फोनचा तंबोरा वापरणार असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका. आलाप रंगात आलेला असताना षड्ज बंद पडून गॅस एजन्सीचा फोन वाजलेला मी ऐकलाय.

तबल्याचं सांगायचं तर ढोबळ फरक गठ्ठ्यांनी, बारीक फरक गजऱ्यावर. गजऱ्यावर वरून घाव घातला की स्वर चढतो, खालून घातला की उतरतो. गजऱ्याच्या एका घराला (वादींमधल्या एका भागाला) लावून थांबू नका, समोरासमोरची घरं बघत गोल फिरा. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने चामडं सैलावतं आणि तबला आपोआप उतरतो. एसीच्या खोलीत उलटं होतं. म्हणून वाद्यं त्याच खोलीत दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवून मगच लावायला घ्या. जिना चढून आल्या आल्या लावलेला तबला पहिल्या बंदिशीतच हलतो.

बसल्यावर

गायकाने बसण्याआधी तबलजीकडे वळून बंदिशीचा मुखडा (समेवर येणारा सुरुवातीचा तुकडा) एकदा गुणगुणावा आणि हाताने लय दाखवावी. 'तुला कळेलच' असं म्हणणाऱ्यांची लय मला कधीच कळलेली नाही. मुखडा कितव्या मात्रेवरून उठतो तेही सांगा. लय बदलायची असेल तर गाता गाता डोळे वटारू नका. मुखडा हव्या त्या लयीत दोनदा घ्या, तबलजी येतो.

सम चुकणार. आमच्या गटातल्या सगळ्यात मुरलेल्या काकांचीही चुकते. चुकली की घाईने जुळवायला जाऊ नका. षड्जावर थांबा, ठेका ऐका, 'धा' कुठे पडतो ते ओळखा आणि पुढच्या मुखड्याला उठा. आपल्या घाबरण्याखेरीज कुणाला काही ऐकू येत नाही. तबलजीने अशा वेळी ठेका साधा आणि भरीव ठेवायचा. नवख्यामागे तुकडे-तिहाया फेकून त्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही. मी स्वतः विशीत हे उद्योग केलेत आणि आता ते आठवले की हात आखडतो.

एकाने वीस मिनिटं. घड्याळ गायकाला दिसेल असं ठेवा, पण हातात धरून दाखवू नका.

खाण्याचा प्रश्न नाजूक आहे. पोटभर पोहे खाऊन गायलं तर श्वास अपुरा पडतो, म्हणून आधी नुसता चहा. मध्यंतरात काही तळलेलं ठेवायचं असेल तर तबलजींना सगळ्यात शेवटी द्या, आणि हात धुऊन कोरडे केल्याशिवाय वाद्याला हात लावू देऊ नका. तेलकट किंवा ओल्या बोटांनी पुडीवरचा काळा गोल, म्हणजे शाई, खराब होते. बटाटेवड्यांमुळे गेलेली एक शाई मी ओळखतो.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. घरगुती बैठकीला माइक लागत नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला २००० सालच्या नियमांनी मनाई आहेच. पण माइकशिवायही डग्ग्याचा घुमारा फरशीतून खालच्या मजल्यावर पोचतो. डग्ग्याखाली चुंबळ, चुंबळीखाली सतरंजीची दुहेरी घडी, इतकं केलं तरी फरक पडतो. खालच्या आजींना गाण्याला बोलावलंत तर त्याहून जास्त. दुपारी एक ते चार मात्र काही करू नका, निदान पुण्यात तरी.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर प्रत्येकाला विचारून करा आणि त्याच संध्याकाळी ऐकू नका. त्या दिवशी फक्त चुका ऐकू येतात. बुधवारी ऐका. सुटलेला गंधार, धावलेली लय, पेटीने दिलेली आणि आपण न ऐकलेली जागा, हे सगळं तेव्हा शांतपणे कानावर पडतं. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग परस्पर पुढे पाठवणारा माणूस आमच्याकडे दोन महिने फक्त चहा करतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी बैठकी विस्कळीत होतात. तक्रार करू नका, तो ऐकण्याचा हंगाम आहे. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली स्थापन केलेल्या भारत गायन समाजासारख्या संस्थांचे छोटे कार्यक्रमही होत राहतात. आपण गायलेला राग मोठ्याकडून ऐकायला जाताना पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका, तबलजीचे हात दिसतील अशी बाजूची जागा धरा. गायक मुखड्याला उठायच्या आधी दोघं एकमेकांकडे कसे बघतात ते बघा.

शेवट भैरवीने. भैरवी झाली की पुन्हा कुणी गायचं नाही, मग कितीही आग्रह होवो. भैरवी कोण गाणार हेही गुरुवारीच ठरवा, नाहीतर साडेअकराला तिघं एकदम गळा साफ करतात.

आवराआवर करताना चढवलेला तबला उतरवून ठेवायचा, तंबोऱ्याच्या तारा किंचित सैल करायच्या, पेटीचा भाता पूर्ण मिटवून कडी लावायची. तबल्यावर गादी, वर खोळ. हातोडी कुणाच्या पिशवीत गेली ते निघण्याआधी बघा, आमची आतापर्यंत तीनदा हरवलीय. आणि पुढच्या रविवारी तुम्ही येणार असाल तर पट्टी गुरुवारी कळवा. यमन गायचा असेल तरीही. यमन असेल तर जरूरच.